हँडब्रेक ओढून गेलेल्या दादास

तीर्थरूप दादा यास,

साष्टांग नमस्कार. (वयाने मोठा आहेस म्हणून तीर्थरूप, दुसरं एखादं कारण शोधतोय, सापडलं की कळवीन. आणि साष्टांग म्हटलं असलं तरी दोन्ही गुडघे तुझ्या गाडीखाली सरपटून सोलून निघालेत, तेव्हा जेवढी अंगं शाबूत आहेत तेवढ्यांचाच नमस्कार गोड मानून घे.) तुझी, वहिनींची आणि मुलांची तब्येत उत्तम असेलच, तुमच्याकडची हवाच तशी आहे असं तू नेहमी सांगतोस. इकडे आईचा खुबा थंडीत दुखतो, बाकी तिचं बरं आहे. माझी पाठ धरली आहे. हिचं डोकं दुखतं, पण त्याचं कारण मीच आहे असं ती म्हणते, त्यामुळे ते मी आजारपणात धरत नाही.

फोन सोडून हे पत्राचं खूळ कुठून काढलं, असं तुला वाटेल. फोनवर बोलायचं तर आई शेजारी येऊन बसते, आणि मेसेज केला की तू अंगठा पाठवतोस. त्या अंगठ्याचा अर्थ 'हो', 'वाचलं' की 'पुरे झालं', हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. पत्राला निदान अंगठा लावून परत पाठवता येत नाही. सवडीने वाच. लांबलंय, पण त्याला इलाज नाही.

तर गेल्या महिन्यात तू मला फोन केलास (आईला नव्हे, मला, आणि तोही ती दवाखान्यात गेलेली असताना, म्हणजे वेळ विचारून घेतली होतीस) आणि एका दमात तीन गोष्टी सांगून टाकल्यास. एक, आम्ही इकडे घर घेतलंय, आता परत येण्याचा विषय संपला. दोन, गॅरेजमधली माझी गाडी विकून टाक, जुन्या गाड्यांचा एक शौकीन माणूस तयार आहे, पण त्याला ती चालत्या स्थितीत हवी. तीन, परत येणार नाही हे आईला इतक्यात सांगू नकोस, तिला त्रास होईल. मी "बरं" म्हणालो. या एका शब्दाने माझ्या आयुष्याचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं कुठल्याही शत्रूने केलेलं नाही. तू सहा महिन्यांपुरती गाडी ठेवतो म्हणाला होतास तेव्हाही मी "बरं"च म्हणालो होतो, आणि त्या सहा महिन्यांत माझी मुलगी शाळेत जाऊन कॉलेजात पोचली.

'गाडी गेली तर फायदा तुझाच आहे,' असंही तू त्या दिवशी मला म्हणालास. आहेच. तो मी लपवत नाही. मला ते गॅरेज हवंय. माझा धंदा काय आहे हे तुला ठाऊक असावं, अशी माझी समजूत होती. पण मागे तू कोणालातरी 'माझा भाऊ डेंटिस्ट आहे' असं सांगताना मी फोनवर ऐकलं. मी डेंटिस्ट नाही. डेंटिस्ट लोक तोंडाचं माप पाठवतात आणि त्यावरून मी कवळी बनवतो. दात मी कोणाचाही पाडत नाही, पाडावासा वाटला तरी. हा उद्योग मी इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर करत आलोय. एका टोकाला प्लास्टरचे जबडे, दुसऱ्या टोकाला ताटं. घासायचं मशीन सुरू केलं की पांढरी भुकटी उडते आणि हिच्या भाजीवर जाऊन बसते. हिच्या मैत्रिणी येतात, फळीवर ओळीने मांडलेल्या कवळ्या आपल्याकडे बघून हसताहेत हे त्यांच्या लक्षात येतं, आणि चहा अर्धा टाकून त्या निघतात. मागे एकदा कुण्या आजोबांचा खालचा जबडा मी साखरेच्या डब्यावर वाळत ठेवला होता. त्यानंतर ही जे बोलली त्याचा सारांश असा, की या घरात एक तर दात राहतील नाहीतर ती.

एवढं मी निभावून नेलं असतं. पण ज्या डॉक्टरीणबाई मला सगळ्यात जास्त काम देतात त्या स्वतः घरी येऊन गेल्या. मी बनवलेल्या कवळीला लसणाचा वास येतो अशी त्यांच्या एका पेशंटची तक्रार होती. बाईंनी टेबल बघितलं, फोडणी देत उभी असलेली ही बघितली, आणि शांतपणे म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत वेगळी खोली करा, नाहीतर मला दुसरीकडे काम द्यावं लागेल. वेगळी खोली या घरात एकच आहे आणि तिच्यात तुझी गाडी राहते. घरातल्या माणसांना खोली नाही, गाडीला आहे, हे तुला लिहून कळवावं लागतंय याचं मला वाईट वाटतं.

(आईला बाहेरच्या खोलीत का हलवत नाहीस, असं तू एकदा सुचवलं होतंस. बाहेरची खोली म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. तिथे माणूस उभा राहू शकत नाही, फक्त सायकल राहू शकते, तीही वाकून.)

तेव्हा महिनाअखेरच्या आत तुझी गाडी आपल्या पायांनी बाहेर जाणं, आणि आईला त्याचं कारण न कळणं, अशी दोन्ही कामं माझ्या गळ्यात पडली. पहिल्या दिवशी गॅरेजचं शटर वर करायलाच मी आणि ही असे दोघं लागलो (आई घरातल्या दाराने ये-जा करते, शटर तू गेल्यापासून उघडलेलंच नव्हतं). आत डांबराच्या गोळ्यांचा असा काही वास कोंडला होता की हिने पदर नाकाला लावला आणि तशीच स्वयंपाकघरात निघून गेली. गोळ्या आईच्या. लोकरीचे कपडे टिकतात तर सीट का टिकणार नाहीत, हा तिचा हिशेब. डिकीत गोळ्या, सीटखाली गोळ्या, आरशाला पुरचुंडीत बांधलेल्या गोळ्या. वरून तिच्या जुन्या चादरी आणि त्यावर तू आणलेलं कव्हर. इतकी वर्षं ती दर आठवड्याला कव्हर काढून झटकून पुन्हा घालत आली आहे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर मी तिला म्हणालो, आता हे बंद कर. ती म्हणाली, बंद केलं तर रविवारी त्याला काय सांगू?

तुला आठवत नसेल, तुमचं रविवारचं बोलणं कसं असतं ते. आम्हाला पाठ आहे, कारण आई फोन स्पीकरवर टाकते. तू विचारतोस, गाडी कशी आहे. ती म्हणते, छान आहे. तू विचारतोस, कव्हर घातलंय ना. ती म्हणते, कालच झटकलं. उंदीर? नाहीत. टायर? जागच्या जागी आहेत. मग तू म्हणतोस, चल, ठेवतो. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली तेव्हाही तुझा फोन आला होता. 'कसं वाटतंय' झाल्यावर गाडी टायरांवर नको, ठोकळ्यांवर उचलून ठेवायला हवी होती, यावर तू तिला बराच वेळ समजावून सांगितलंस. तिला स्वतःला तेव्हा दोन माणसांनी उचलून ठेवलं होतं. पण तू काळजीने सांगतोयस म्हणून ती बिचारी हं हं करत होती.

असो. गाडी उघडली. टायर खालून चपटे होऊन जमिनीला चिकटलेले. टाकीचं झाकण काढलं तर पेट्रोलच्या जागी जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. रबराच्या नळ्या हात लावताच तुटतात. आणि हँडब्रेक. दादा, तू जाताना हँडब्रेक पार वरपर्यंत ओढून गेलास, गाडी हलू नये म्हणून. त्याबद्दल तुझं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे. मी, ही, समोरचे निवृत्त मास्तर आणि मास्तरांच्या सूनबाई अशा चौघांनी ढकलली, पण तुझ्या शब्दाबाहेर ती एक इंच गेली नाही. मास्तरांना सूनबाईंनी आत नेऊन झोपवलं. माझी पाठ तेव्हाचीच.

मग मेकॅनिक आणला. आमच्या गल्लीत त्याला सगळे प्राध्यापक म्हणतात, कारण त्याच्या हातापेक्षा तोंड जास्त चालतं. आल्याआल्या त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टोपी काढली आणि विचारलं, कधीपासून असं आहे? (मला वाटलं, आता घरच्यांना कळवायला सांगतो की काय.) ब्रेकचे लायनर आतून ड्रमला धरून बसले होते. ते सुटावेत म्हणून प्राध्यापक दोन दिवस हातोडी मारत होता आणि तिसऱ्या दिवशी हातोडीचा दांडा तुटला तेव्हा ते सुटले. प्लग काढून इंजिनात थोडं थोडं तेल सोडलं. जुनं पेट्रोल उपसलं, टायर आणि नळ्या बदलल्या. कार्बुरेटर खोलला, धुतला, पुन्हा बसवला आणि एक स्क्रू उरला. उरलेल्या स्क्रूबद्दल विचारलं तर तो म्हणाला, कंपनी एखादा जास्तच देते. यावर मी काय बोलणार? मीही एकदा एका बाईंच्या कवळीत एक दाढ जास्त बसवली होती, आणि आता त्या पूर्वीपेक्षा छान चावतात.

एअर फिल्टर उघडताना मात्र प्राध्यापक ओरडून मागे सरला आणि तेलाच्या डब्यात बसला. फिल्टरच्या आत दात होते. माणसाचे, वरचे, पुढचे चार, गुलाबी मेणात रुतलेले. मी त्याला पाणी पाजलं आणि सांगितलं की घाबरू नकोस, ते माझेच आहेत, म्हणजे मी बनवलेले आहेत. उंदरांना मेण आवडतं. त्यांनी माझ्या टेबलावरून माल पळवून तुझ्या गाडीत संसार थाटला होता. सीटचा कापूस, वर्तमानपत्राचे तुकडे, आणि दिवाणखान्यात ठेवावेत तसे हे दात. (ज्या गृहस्थांचे ते दात होते त्यांना मी तेव्हा दुसरे करून दिले, आणि हरवाहरवीचा दोष इतके दिवस हिच्या माथी मारत आलो. तेही तुझ्याच नावावर टाक.) आणि आई तुला दर रविवारी सांगायची, उंदीर नाहीत.

त्याच दिवशी प्राध्यापकाने जाहीर केलं की रोटर नाही. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाखाली तो फिरतो आणि प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटतो. तो नसेल तर इंजिन नुसतं घुरघुरतं, पेट घेत नाही. झाकण जागेवर, दोन्ही क्लिपा जागेवर, आत रोटर गायब. उंदरांनी नेला, प्राध्यापक म्हणाला. मी म्हणालो, झाकण उघडून, रोटर काढून, झाकण पुन्हा क्लिपा लावून बंद करणारे उंदीर? तो म्हणाला, साहेब, दात नेतात तर काय नाही करणार. नवा रोटर आणला, नवी बॅटरी बसवली, चावी फिरवली, आणि दादा, तुझी गाडी सुरू झाली.

काळ्या धुराने गॅरेज भरलं, मास्तर पुन्हा बाहेर आले, प्राध्यापकाने टोपी हवेत उडवली. मला खोटं लिहिता येत नाही, मलाही बरं वाटलं. मला तिथेच माझं टेबल दिसायला लागलं, खिडकीखाली, त्यावर दिवा, शेजारी मशीन, आणि जवळपास कुठेही लसूण नाही. मागे वळून बघतो तर आई दारात काठी टेकून उभी. तिने विचारलं, "का रे, तो येतोय का?" मी म्हणालो, "कळवणार आहे म्हणालाय." हे जे वाक्य मी बोललो ते माझं नाही, तुझं आहे. फक्त माझ्या तोंडून वापरलं गेलं. ती गाडीकडे बघून म्हणाली, आवाज फार करते, बंद करा आता.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना. घुरघुर, घुरघुर, आणि काही नाही. प्राध्यापकाने प्लग बदलले. कॉइल बदलली. पुन्हा कार्बुरेटर खोलला (या खेपेला दोन स्क्रू उरले). दम्याचे रोगी आणि जुनी इंजिनं यांच्यावर त्याने एक व्याख्यान दिलं. शेवटी हताश होऊन झाकण उघडलं, तर रोटर नाही. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिसरा रोटर आला, गाडी सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही चौथा रोटर बसवला आणि सापळे लावले. सापळ्यात भाकरी ठेवायची की रोटर ठेवायचा यावर वाद झाला. प्राध्यापक गंभीरपणे म्हणाला, हे उंदीर साधे नाहीत, यांना मालाची पारख आहे. ही म्हणाली, मग त्यांनाच विचारा, गाडी केवढ्याला घेता. महिना सरत आला होता आणि डॉक्टरीणबाईंकडून एक माणूस येऊन खोली झाली का, असं विचारून गेला होता. मला तर रडू यायचं बाकी राहिलं होतं.

मग एका दुपारी प्लास्टरची गोणी काढायला मी गॅरेजमध्ये गेलो. बघतो तर गाडीचं बॉनेट उघडं. ते वर धरून ठेवायचा दांडा तुटलाय, म्हणून त्याच्या जागी आईची काठी लावलेली. आणि काठीशिवाय, एक हात गाडीवर टेकवून, आई आत वाकलेली. खट, एक क्लिप. खट, दुसरी. झाकण उचललं, रोटर काढला, पदराला पुसला, झाकण लावलं, खट, खट. प्राध्यापकाला एवढं करायला पाऊण तास आणि दोन चहा लागतात.

मी म्हणालो, "आई, काय करतेस हे?"

ती दचकलीसुद्धा नाही. "दादानं सांगितलंय. गाडी उभी राहणार असेल तर हे काढून घरात ठेवायचं. मग कोणी चोरून नेऊ शकत नाही."

"अगं, आम्ही ती सुरू करायला बघतोय ना!"

"झाली ना सुरू? मग? आता उभीच आहे की."

तिच्या औषधांच्या डब्यात सगळे रोटर होते. तू गेलास तेव्हाचा, आणि त्याच्यावर आम्ही विकत आणलेले. तू जाण्याच्या आदल्या दिवशी तिला उभं करून शिकवलं होतंस म्हणे, आणि एकदा तिच्याकडून करूनही घेतलं होतंस. माझ्यापेक्षा हुशार आहेस तू, असंही तिला म्हणालास. ते ती मला दोनदा सांगून थांबली. मला राग यायला हवा होता, पण राग कोणावर काढायचा तेच कळेना. घरात ती औषधाची गोळी सकाळची की रात्रीची हे विसरते, गॅस बंद करायला विसरते, मला हाक मारताना आधी तुझं नाव घेते. पण तू एकदा सांगितलेलं एवढंसं काम ती विसरली नाही. एक रोटर मी खिशात घातला आणि तो खिसा हिच्याकडून शिवून घेतला.

रविवारी सकाळी तुझा शौकीन माणूस आला. सभ्य माणूस, पांढरे बूट. मी शिवण उसवली, रोटर बसवला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्याने आवाज ऐकून डोळे मिटले आणि चावी हातात घेतली. आणि मागचं दार उघडून आई आत जाऊन बसली. मांडीवर पर्स, पर्समध्ये औषधं, अंगावर बाहेर जायची साडी. तिने आतून दार लावून घेतलं, काचा वर केल्या आणि समोर बघत बसली. मी काचेवर टकटक केलं. हिने केलं. त्या माणसाने बूट वाचवत खाली वाकून, आजी, मी गाडीला अगदी नीट ठेवीन, असं काचेला सांगितलं. ती त्याच्याकडे बघून हसली आणि पुन्हा समोर बघू लागली. इंजिन चालू, धूर चालू, मास्तर फाटकाशी. शेवटी तो म्हणाला, मी पुढच्या रविवारी येतो, घरच्यांचं ठरू द्या. आणि पायी गेला. ती आणखी बराच वेळ बसून होती. पेट्रोल संपून गाडी आपोआप बंद पडली तेव्हा उतरली आणि मला म्हणाली, सीट अजून छान आहेत रे, गोळ्यांचा उपयोग झाला.

महिनाअखेर उलटली. डॉक्टरीणबाईंनी रविवारपर्यंतची मुदत दिली आहे, तीही माझ्या तोंडाकडे बघून. सध्या गाडी तुझ्या नावाने उभी आहे, मी तुझ्या नावाने खडे फोडत उभा आहे. मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचे असतात, ते तू दिलेस असं धरून चालतो. वहिनींना नमस्कार. मुलांना, ओळखत असतील तर, काकाचे आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ
(जो डेंटिस्ट नाही)

ता. क. वरचं सगळं लिहिलं ते मनातली आग बाहेर पडावी म्हणून. खरं काम एवढंच आहे. तू परत येणार नाहीस हे आईला तू स्वतः सांग. गाडीखाली मी सरपटलो, दात पडलेल्या लोकांची बोलणी खाल्ली, तुझ्या वतीने खोटंही बोललो. हे एक वाक्य मात्र मला बोलता येणार नाही. ते माझ्या तोंडात बसतच नाही. येत्या रविवारी फोन करशील तेव्हा गाडीच्या आधी ते सांग, म्हणजे ती गाडीतून उतरेल.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालताना आई आली आणि कोणाला लिहितोयस म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "त्यानं तिकडं घर घेतलंय ना?" मी पाकीट खाली ठेवलं. "मागे फोनवर बोलता बोलता म्हणाला, स्वयंपाकघराची फरशी बदलतोय. भाड्याच्या घराची फरशी कोण बदलतं?" म्हणजे दादा, तिला ठाऊक होतं. तू मला सांगायच्या कितीतरी आधीपासून. मग मी विचारलं, तर मग गाडी का धरून बसलीस? ती म्हणाली, "तो यायचा नाही हे मला कळतं रे. पण गाडी गेली तर तो मला विचारेल काय?"

तीच पुढे म्हणाली, तुझ्या कामाचं अडतंय, रविवारी तो माणूस आला की देऊन टाक. तेव्हा वरचा ता. क. रद्द समज. तिला सांगण्यासारखं तुझ्याकडे काही उरलेलं नाही. विचारण्यासारखं बरंच आहे. खुबा कसा आहे विचार. झोप लागते का विचार. मास्तरांच्या सूनबाईंशी तिचं भांडण झालंय, कशावरून ते विचार. त्यात तुझा अर्धा तास सहज जाईल.

ता. क. तिसरा. पत्र टाकायचं राहून गेलं, कारण मध्ये गॅरेज धुऊन काढण्यात आठवडा गेला. रविवारी तो पांढऱ्या बुटांचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला. आईने चावी स्वतः त्याच्या हातात दिली. माझं टेबल खिडकीखाली लागलं, डॉक्टरीणबाई बघून गेल्या, खूष झाल्या. गाडी गेली त्याच दिवशी दुपारी तुझा मला मेसेज आला, 'गेली का गाडी?' मी 'हो' लिहिलं. तुझा अंगठा आला. आई जेवण झाल्यापासून फोनजवळ बसली होती. तुझा फोन आला नाही. या रविवारीही आला नाही. तू कामात असशील असं मी तिला सांगितलं आणि तिने मानही हलवली.

मग संध्याकाळी ती गॅरेजमध्ये आली आणि माझ्या मशीनकडे बघत तिने विचारलं, गाडीत काही बिघाड निघाला तर तो माणूस ती परत आणून देतो का रे?